पेशी चालते, कारण तिचा सांगाडा मोडता येतो

पेशी कशी सरकते याबद्दलचे प्रश्न थोडक्यात तीन आहेत. पुस्तकात लिहिलंय की ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढतात, पेशीपटलाला पुढे ढकलतात आणि पेशी सरकते. मग जॅस्प्लाकिनोलाइड हे औषध घालून तंतू पक्के केल्यावर पेशी जास्त जोरात चालायला हवी होती, ती का थांबली? तंतूचं टोक पटलाला टेकलेलं असताना नवा ॲक्टिन मध्ये घुसतो कुठून? आणि स्क्रॅच ॲसेत, म्हणजे पेशींच्या थरावर रेघ ओढून ती कशी भरते हे पाहायच्या चाचणीत, रेघ लवकर भरली म्हणजे पेशी जोरात चालल्या असं म्हणता येतं का?

पहिल्या प्रश्नातला गोंधळ ‘सांगाडा’ या शब्दाने झालेला आहे. सांगाडा म्हटलं की हाडं डोळ्यांसमोर येतात, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी, मजबूत, जागच्या जागी असलेली गोष्ट. सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेतला ॲक्टिन असा नसतो. माशाच्या खवल्यावरच्या केराटोसाइट पेशीत या कडेतले निम्मे तंतू साधारण २० ते २५ सेकंदांत विरघळलेले असतात. १९९१ साली थेरिओ आणि मिचिसन यांनी याच पेशीतल्या ॲक्टिनचा एक पट्टा प्रकाशाने चमकता केला आणि त्याच्यावर नजर ठेवली. पेशी पुढे जात राहिली आणि तो पट्टा काचेच्या हिशेबाने जवळजवळ जागच्या जागी राहिला. पेशी त्याच्यावरून निघून गेली, आणि जाता जाता तो पुसट होत गेला.

दोन फळ्यांवरून चिखल ओलांडणारा माणूस आठवा. तो मागची फळी उचलून पुढे टाकतो, तिच्यावर पाय देतो आणि पुन्हा मागची उचलतो. फळ्या कितीही भक्कम असल्या तरी मागची चिखलातून निघालीच नाही, तर पुढचं पाऊल नाही. जॅस्प्लाकिनोलाइड नेमकं हेच करतं. तंतू पक्के होतात, त्यांचं विघटन थांबतं, सुट्या ॲक्टिनचा साठा तंतूंमध्ये अडकून संपतो आणि पुढच्या कडेला घालायला माल उरत नाही. लॅट्रुनक्युलिन हे दुसरं औषध सुट्या ॲक्टिनला धरून ठेवतं, म्हणजे दिसायला उलट काम करतं. तरीही दोन्हींचा शेवट एकच, पेशी थांबते. तंतूंची संख्या किंवा मजबुती पाहून वेगाचा अंदाज बांधू नका. बांधणं आणि मोडणं यांचं चक्र किती वेगाने फिरतंय, ते पाहा.

आता चक्राचा हिशेब. तंतूत एक ॲक्टिन रेणू जोडला गेला की लांबी सरासरी २.७ नॅनोमीटरने वाढते. केराटोसाइट मिनिटाला १५ मायक्रोमीटर सरकते असं धरा, म्हणजे सेकंदाला २५० नॅनोमीटर. तेव्हा पटलाला टेकलेल्या प्रत्येक तंतूत सेकंदाला ९० हून जास्त रेणू जोडले गेले पाहिजेत. तंतूच्या वाढत्या टोकाला एटीपी-ॲक्टिन (एटीपी हा ऊर्जावाहक रेणू धरलेला ॲक्टिन) जोडला जाण्याचा वेग, दर मायक्रोमोलर संहतीमागे, सेकंदाला साधारण ११.६ रेणू आहे. भागाकार केला की त्या जागी किमान ८ मायक्रोमोलर सुटा, जोडणीला तयार ॲक्टिन लागतो असं निघतं. याच टोकाची तोल सांभाळणारी संहती, जिच्या खाली टोक झिजायला लागतं, ती जेमतेम ०.१ मायक्रोमोलर. म्हणजे पेशी तोलाच्या ८० पट पुरवठा हाताशी ठेवते. एवढा सुटा ॲक्टिन नुसता ठेवला असता तर तो पेशीभर वाटेल तिथे तंतू बनवत सुटला असता. म्हणून थायमोसिन बीटा-४ हे प्रथिन त्याला झाकून ठेवतं आणि प्रोफिलिन हे दुसरं प्रथिन त्याला फक्त वाढत्या टोकालाच बसू देतं, नवा तंतू सुरू करू देत नाही.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे आणि बरेच जण तो विचारतच नाहीत. टोक पटलाला टेकलेलं आहे, फट नाही, मग नवा रेणू कुठून शिरतो? उत्तर उष्णतेत आहे. पटल स्थिर नसतं, ते सतत थरथरत असतं. तंतूचं टोकही थरथरतं, थोडं वाकतं, पुन्हा सरळ होतं. या थरथरीत क्षणभर २.७ नॅनोमीटरची फट पडली आणि त्याच क्षणी रेणू येऊन बसला, की पटलाला मागे येण्याची जागा उरत नाही. विहिरीच्या रहाटाला खुटी असते, तिच्यामुळे चाक एकाच बाजूला फिरतं, तशी ही खुटी. पटल पुढे जातं ते स्वतःच्या थरथरीने, रेणू फक्त परतीची वाट बंद करतो. पेस्किन, ओडेल आणि ऑस्टर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. १९९६ मध्ये मोगिल्नर आणि ऑस्टर यांनी तंतूची लवचीकता त्यात धरली. वर काढलेल्या ८० पट पुरवठ्यावर हे गणित एका तंतूमागे जास्तीत जास्त ६ ते ७ पिकोन्यूटन बल देतं. एकट्या तंतूला पटल ढकलणं जमणार नाही, पण कडेला असे शेकडो तंतू शेजारी शेजारी असतात.

इथे एक अडचण येते, आणि तिच्यामुळेच पुढच्या कडेची रचना फांद्यांची आहे. घरातल्या झाडूतला एक हीर काढा. तो खालच्या टोकाला धरून वरचं टोक भिंतीला दाबा, लगेच वाकतो. आता भिंतीपासून दोन बोटांवर धरून दाबा, वाकत नाही. ॲक्टिनच्या तंतूचंही तसंच. त्याचा ताठपणा लक्षात घेऊन हिशेब केला तर १ मायक्रोमीटर लांबीचा सुटा तंतू सुमारे ०.४ पिकोन्यूटनला वाकतो. तोच ०.२ मायक्रोमीटरचा असेल तर १० पिकोन्यूटनपर्यंत तग धरतो. लांबी पाचपट कमी, सहनशक्ती पंचवीसपट जास्त. म्हणून पेशी लांब तंतू न ठेवता आखूड तंतूंची दाट जाळी विणते. एआरपी २/३ हा सात प्रथिनांचा संच जुन्या तंतूच्या अंगावर बसतो आणि सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढतो. टोपण घालणारं कॅपिंग प्रथिन थोड्याच वेळात वाढतं टोक बंद करतं, त्यामुळे फांदी आखूड राहते. पुढच्या कडेची ही फांद्यांची जाळी स्वित्किना आणि बोरिसी यांनी १९९९ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली स्पष्ट दाखवली.

कॅपिंग प्रथिन वाढ थांबवतं, मग ते वेगाच्या विरोधात असायला हवं असं वाटतं. प्रत्यक्षात ते लागतंच. पटलापासून दूर, चुकीच्या ठिकाणी वाढणारी टोकं बंद झाली की सुटा ॲक्टिन पुढच्या कडेसाठी शिल्लक राहतो. १९९९ मध्येच लॉयसेल आणि सहकाऱ्यांनी शुद्ध प्रथिनांचं मिश्रण करून त्यात लिस्टेरिया हा ॲक्टिनच्या ढकलण्याने सरकणारा जिवाणू चालवून दाखवला. त्यात ॲक्टिन, एआरपी २/३, तंतू तोडणारं कोफिलिन, कॅपिंग प्रथिन आणि एटीपी एवढं लागलं. प्रोफिलिन घातल्यावर चाल सुधारली. मायोसिन, म्हणजे तंतू ओढणारं मोटर प्रथिन, त्यात नव्हतंच. पुढे ढकलायला मोटर प्रथिन लागत नाही याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

मग एटीपी कशाला? इथे परीक्षेत हमखास चूक होते. ढकलण्याची ताकद रेणू तंतूला चिकटण्यातून मिळते, एटीपी फुटण्यातून नाही. एटीपीचं काम घड्याळाचं आहे. तंतूत बसल्यावर दोनेक सेकंदांत रेणूतला एटीपी फुटतो, पण सुटलेला फॉस्फेट कित्येक मिनिटं आतच राहू शकतो. फॉस्फेट निघून गेला की तो भाग ‘जुना’ झाला. कोफिलिन जुना भाग ओळखतं, त्याला चिकटून पीळ बदलतं आणि तंतू तोडतं. पेशीत ही सगळी घाई कोफिलिनमुळेच होते. एटीपी फुटला नसता तर नवी फळी कोणती आणि जुनी कोणती हे पेशीला कळलंच नसतं.

ढकलणं झालं, पण ढकलून उपयोग काय, पाय टेकायला जागा नसेल तर? पटलाला ढकलताना तंतूंची जाळी स्वतः मागे ढकलली जाते. पकड नसेल तर चिखलात रुतलेल्या चाकासारखं होतं. चाक फिरतंय, गाडी जागेवर. ही पकड पटलातलं इंटिग्रिन हे प्रथिन देतं. त्याचं एक टोक पेशीबाहेरच्या फायब्रोनेक्टिन प्रथिनाला धरतं आणि दुसरं आत टॅलिन प्रथिनामार्फत ॲक्टिनला. टॅलिनचा गुण असा की काही पिकोन्यूटनचा ताण आला की त्याच्या घड्या उघडतात, आत लपलेल्या जागा बाहेर येतात आणि तिथे विन्क्युलिन बसून पकड पक्की करतं. म्हणजे जितकी ओढ, तितकी घट्ट पकड, एका मर्यादेपर्यंत. मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८८ मध्ये याला मोटारीच्या क्लचची उपमा दिली. ती आजही वापरात आहे, कारण ती अचूक आहे. इंजिन चालू असतं, क्लच लागला तरच गाडी हलते.

पकड जितकी जास्त तितका वेग जास्त, असंही नाही. फायब्रोनेक्टिन फार कमी असलं तर पाय घसरतो, फार जास्त असलं तर मागचा पाय सुटत नाही. सगळ्यात जास्त वेग मधल्या प्रमाणाला मिळतो. म्हणूनच कोटिंगची, म्हणजे पेशींखाली दिलेल्या फायब्रोनेक्टिनच्या थराची, एकच मात्रा घेऊन ‘औषधाने वेग वाढला’ असं लिहू नये. ते औषध पकड सैल करत असेल, तर जाड कोटिंगवर वेग वाढेल आणि पातळ कोटिंगवर घटेल. १, ५ आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर अशा तीन मात्रांवर करून पाहा, बराच खुलासा तिथेच होतो.

मागचं टोक सोडवण्याचं काम नॉन-मसल मायोसिन २ करतं. त्याचे सुमारे ३० रेणू एकत्र येऊन ३०० नॅनोमीटरचं दोन्ही बाजूंना डोकी असलेलं पुडकं बनवतात आणि समोरासमोरचे तंतू एकमेकांवरून ओढतात. मायोसिन किंवा त्याला चालना देणारं आरओसीके हे एन्झाइम रोखलं की पुढचं टोक चालत राहतं, मागचं अडकून राहतं आणि पेशीमागे लांब शेपूट दिसतं. हे शेपूट दिसलं की समजा, बिघाड ढकलण्यात नसून सोडवण्यात आहे. पुढे काय आणि मागे काय हे ठरवणाऱ्या स्विचचं काम छोटे जीटीपीएज ही प्रथिनं करतात. त्यांतल्या रॅकने पुढे फांद्या फुटतात, ऱ्होने मायोसिन आवळतो, हे १९९२ मध्ये रिडली आणि हॉल यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. पुढची आणि मागची बाजू एकमेकांना दाबून ठेवतात, म्हणून दोन्ही मिसळत नाहीत.

या परस्पर दाबाचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. केराटोसाइटचा तुकडा पाडला, ज्यात केंद्रक नाही आणि सूक्ष्मनलिकाही (सांगाड्यातल्या, ट्युब्युलिन प्रथिनाच्या पोकळ नळ्या) नाहीत, तरी तो चालतो, हे ऑयटेनॉयर आणि श्लिवा यांनी १९८४ मध्ये दाखवलं. पुढे व्हर्खोव्स्की आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की काही तुकडे गोल चकतीसारखे होऊन एकाच जागी बसून राहतात. सगळ्या कडेने सारखं बांधकाम, सारखं विघटन. अशा चकतीच्या एका बाजूला बारीक नळीतून द्रवाचा झोत मारला की त्या बाजूचा ॲक्टिन दबतो, मायोसिन तिथे गोळा होतो, चकतीला अर्धचंद्राचा आकार येतो आणि ती समोरच्या दिशेने चालायला लागते. झोत बंद केला तरी चालतच राहते. जनुकाची आज्ञा नाही, बाहेरून खुणावणारं रसायन नाही, एक धक्का पुरला.

सूक्ष्मनलिकांचं काय, तर त्या ढकलत नाहीत. फायब्रोब्लास्ट या ऊतींमधल्या पेशीत त्या दिशा टिकवतात, माल पोहोचवतात आणि जुन्या पकडी सुटायला मदत करतात. नोकोडाझोल या औषधाने त्या मोडल्या की फायब्रोब्लास्ट भरकटते. त्यात एक फसवा भाग आहे. नलिका मोडल्यावर त्यांना बांधलेलं जीईएफ-एच१ हे प्रथिन मोकळं होतं, ऱ्हो जागं करतं आणि पेशी आवळते. वेग घटला तो नलिका नसल्यामुळे की आवळल्यामुळे, हे सांगायला आरओसीके रोखून तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं ते कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच धरतं. संधिवाताच्या गाउट प्रकारात ते अगदी कमी मात्रेत उपयोगी पडतं, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवरचा परिणाम त्याचं एक कारण. मात्रा थोडी वाढली तरी ते जीवघेणं आहे, त्यामुळे कंदाचा घरगुती वापर कुणी करू नये. मध्यम तंतू, म्हणजे व्हिमेंटिन आणि केराटिन, पेशीला ताणात फाटू देत नाहीत. चालण्यात त्यांचा वाटा आहे, पण या तीन प्रश्नांशी त्यांचा संबंध कमी.

इंजिन आणि क्लच वेगळे आहेत हे माणसाच्या आजारांत फार स्पष्ट दिसतं. ल्युकोसाइट ॲडहेजन डेफिशियन्सी या जन्मजात आजाराच्या पहिल्या प्रकारात न्यूट्रोफिलवरच्या इंटिग्रिनची सीडी१८ साखळी सदोष असते. ॲक्टिन ठीक असतो. पेशी रक्तातून वाहत राहतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून रक्ततपासणीत न्यूट्रोफिल भरपूर, आणि जखमेत पू नाही. बाळाची नाळ एरवी एक-दोन आठवड्यांत गळते, ती तीन-चार आठवड्यांनंतरही तशीच राहते. नाळ उशिरा गळण्याची साधी कारणंही पुष्कळ असतात, तेव्हा एवढ्यावरून घाबरू नये. पण वारंवार गंभीर संसर्ग आणि सतत वाढलेल्या पांढऱ्या पेशी जोडीला असतील तर बालरोगतज्ज्ञांकडून सीडी१८ ची तपासणी करून घ्यावी. याउलट विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोममध्ये एआरपी २/३ ला चालना देणारं डब्ल्यूएएसपी प्रथिन बिघडतं. तिथे बिघाड इंजिनात असतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने बहुतेक रुग्ण मुलगे असतात, आणि त्यांच्यात लहान व कमी प्लेटलेट, इसब आणि संसर्ग असं त्रिकूट दिसतं.

आता स्क्रॅच ॲसे. त्यात मोजली जाते ती रेघेची उघडी जागा, पेशीचा वेग नाही. पिपेटच्या २०० मायक्रोलीटरच्या टिपने काढलेली रेघ साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असते. प्रत्येक कड तासाला २० मायक्रोमीटर पुढे आली तर दोन्ही बाजू मिळून ४०, म्हणजे साडेबारा तासांत रेघ भरते. ३टी३ (उंदराच्या फायब्रोब्लास्ट) सारख्या पेशी २० ते २४ तासांत दुप्पट होतात. त्यामुळे २४ तासांचा एकच फोटो काढला तर त्यात चालणं आणि विभाजन दोन्ही मिसळलेलं असतं. ० तासाचा फोटो हवाच. त्यापुढे पहिले १२ तास दर दोन तासांनी फोटो काढा, किंवा रेघ मारण्याआधी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर मायटोमायसिन-सी दोन तास देऊन विभाजन थांबवा आणि धुऊन टाका. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या असोत की शेजारच्या प्रयोगशाळेतून, प्लेटच्या सगळ्या वेल्समध्ये (खळग्यांमध्ये) पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा, एकच असू द्या.

रेघ मारताना टिप तिरकी झाली की पेशींबरोबर खालचं कोटिंगही खरवडलं जातं, आणि मग तुम्ही नकळत पकडीचा प्रयोग करत असता. टिप उभी धरा, एकाच दाबाने एकदाच ओढा, दोनदा गिरवू नका. नंतर मीडियमने (पेशींच्या पोषक द्रवाने) किंवा पीबीएस या क्षारद्रावणाने हलक्या हाताने दोनदा धुवा. सुटलेल्या पेशी राहिल्या तर त्या रेघेत पुन्हा चिकटतात आणि रेघ ‘भरल्यासारखी’ दिसते. प्लेटच्या तळाला बाहेरून मार्करने आडवी खूण करा, म्हणजे दर वेळी तीच जागा फोटोत येते. ही खूण विसरल्यामुळे वाया गेलेले प्रयोग सर्वात जास्त असतील. इन्क्युबेटरबाहेर सूक्ष्मदर्शीखाली बराच वेळ ठेवणार असाल तर मीडियममध्ये २५ मिलिमोलर हेपीस हा बफर घाला, नाहीतर पीएच चढतो आणि पेशी मंदावतात. औषध ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचं प्रमाण सगळ्या वेल्समध्ये सारखं, ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवा, औषध नसलेल्या वेलमध्येसुद्धा.

मायोसिन रोखणारं ब्लेबिस्टॅटिन वापरत असाल तर निळा प्रकाश टाळा. त्यात ते निकामी होतं आणि पेशींना विषारीही ठरतं, म्हणजे निळ्या प्रकाशात चमकणारं जीएफपी प्रथिन पाहत पाहत हा प्रयोग करता येत नाही. सीके-६६६ एआरपी २/३ रोखतं. ते १०० मायक्रोमोलरच्या आसपास वापरतात, आणि एवढ्या मात्रेत ते कधीकधी पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून घालण्याआधी नळी उजेडात धरून साका बसलाय का बघा. आरओसीके रोखणारं वाय-२७६३२ बहुधा १० मायक्रोमोलरला पुरतं. लाइफॲक्ट या ॲक्टिनला चिकटणाऱ्या चमकत्या खुणेने ॲक्टिन रंगवलेला असेल तर अंधुक चमकणाऱ्या पेशीच निवडा. जास्त लाइफॲक्ट असलेल्या पेशीत तंतूंचं चक्रच बदलतं.

रंगवण्याच्या दोन चुका नेहमी होतात. ॲक्टिन रंगवायला वापरतात ते फॅलॉइडिन फक्त तंतूला धरतं आणि मिथेनॉलने स्थिर केलेल्या पेशीत ते चिकटतच नाही. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० ते १५ मिनिटं, मग ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० काही मिनिटं, मग फॅलॉइडिन. त्याच पेशीत सूक्ष्मनलिकाही पाहायच्या असतील तर फॉर्मल्डिहाइड ३७ अंशांवर गरम करून घाला. फ्रिजमधून काढलेलं तसंच ओतलं तर थंडीने नलिका विरघळतात आणि त्या तुमच्या औषधाने गेल्या असं वाटतं.

आणि फॅलॉइडिनच्या फोटोत जाड, उजळ तंतू दिसले म्हणून पेशी जोरात चालणारी आहे असं मानू नका. ते आडवे जाड जुडगे म्हणजे स्ट्रेस फायबर, आणि जोरात सरकणाऱ्या केराटोसाइटमध्ये ते जवळपास दिसतच नाहीत. वेग हवा असेल तर पुढच्या कडेची एक ओळ निवडून दर ५ सेकंदांनी फोटो घ्या आणि कायमोग्राफ काढा, म्हणजे त्या ओळीचे फोटो काळाच्या क्रमाने शेजारी शेजारी लावा. त्यात तिरकी वर जाणारी रेघ कडेचा वेग सांगते, आणि आतल्या ठिपक्यांची खाली उतरणारी रेघ ॲक्टिन किती मागे घसरतोय ते सांगते. कड मंद आणि घसरण जोरात असेल तर बिघाड क्लचमध्ये शोधा. दोन्ही मंद असतील तर आधी सुट्या ॲक्टिनचा पुरवठा तपासा.